चाळीस सेकंदांची मंजुरी

दोन वर्षांत मी अकराशे मंजुऱ्या दिल्या आणि पहिले दोन आठवडे सोडले तर त्यांतली एकही वाचून दिली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी भला माणूस आहे असा पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमची कंपनी दुसऱ्या कंपन्यांसाठी एक यंत्रणा बनवते. त्यांच्या माणसांनी प्रोग्राममध्ये बदल केला की तो भाड्याच्या सर्व्हरांवर आपोआप जाऊन पोचतो. पूर्वी जे महिन्यातून एकदा, देव पाण्यात ठेवून व्हायचं, ते आता दिवसातून पाच-सहा वेळा होतं. आमचे साहेब याला ‘अखंड प्रवाह’ म्हणतात आणि म्हणताना हात नदीसारखा हलवतात. पण नुसत्या प्रवाहाला गिऱ्हाईक घाबरतं. म्हणून माहितीपत्रकावर ठळक छापलंय, ‘प्रत्येक बदलावर दोन माणसांची नजर’. आमचे स्वतःचे बदलही त्याच यंत्रणेतून जातात. तिथे पहिली नजर ताईची आणि दुसरी माझी.

ताई म्हणजे आमची टेस्टर, प्रोग्राममधल्या चुका हुडकणारी. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीला बांधलेला. मी कॉलेजचं तोंड न बघता, फुकटचे व्हिडिओ बघून शिकलेला. मुलाखतीत सगळ्यांनी डिग्री विचारली. हिने एकटीने एक कागद पुढे सरकवला. “हा प्रोग्राम कुठे मोडेल सांग.” मी तीन जागा दाखवल्या. “चौथी मी दाखवते,” ती म्हणाली, आणि दाखवली. मग साहेबांकडे वळली. “याला घ्या. हा वाचतो.”

हा वाचतो म्हणे!

दोन आठवडे वाचलं खरं. पण ताईच्या हाताखालून आलेल्या बदलात सापडणार काय, कपाळ? मग मी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप चालणारा चिमुकला प्रोग्राम. ताईकडून बदल आला की माझ्या नावाने ‘मंजूर’चं बटण ती स्क्रिप्टच दाबायची. आधी लगेच दाबायची, ते फारच उघडं पडलं असतं. म्हणून चाळीस सेकंद थांबायला शिकवली. माणूस वाटावा म्हणून. दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसलो होतो, त्या दुपारीही माझी एक मंजुरी गेली. वर्षाखेरीला मला ‘सर्वात तत्पर परीक्षक’ म्हणून काचेचा चौकोन मिळाला. तो मी घेतला. वर भाषणही ठोकलं, एकाग्रतेवर.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर आलेख होता. ताईचा खांब छताला टेकलेला, माझा खांब शोधावा लागत होता.

“ताई एका बदलाला चार तास घेतात, तू चाळीस सेकंद,” साहेब म्हणाले. “आणि तुझ्याकडून एकही चूक बाहेर गेलेली नाही. मग चार तास कशाला? सोमवारी मीटिंगमध्ये जाहीर करतो. ताईंना मोकळं करू. तू विभागप्रमुख.”

चूक बाहेर गेली नाही, कारण ती ताईपाशीच अडत होती. हे मला माहीत होतं. तोंड उघडून मी काय म्हणालो? “थँक यू, सर.”

घरी बायकोला सांगितलं. तिने मोबाइल खाली ठेवला.

“मग खरं काय ते सांगून टाक की.”

“माझी नोकरी जाईल.”

“नाही सांगितलंस तर तिची जाईल. ज्या बाईने तुला आत घेतलं, तिची.”

“तुला बोलायला काय जातंय!”

“काही नाही. दोन वर्षं तुझ्या जागी पंधरा ओळी कामाला जातायत. उद्यापासून डबा त्यांनाच देते, तू बस घरी.”

सोमवारी अकराला मीटिंग भरली. साहेबांनी आलेख दाखवला, नदी वाहवली आणि शेवटी म्हणाले, “ताईंच्या सेवेबद्दल आपण सगळे ऋणी आहोत.” माणसाला हाकलायचं असलं की कंपनीला ऋण आठवतं. टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या.

ताई उठली नाही. चष्मा लावला, लॅपटॉप उघडला.

“साहेब, जायच्या आधी एक बदल पाठवू का? आपल्या वेबसाइटवर, एका ओळीचा. माझी नजर टाकून झालीय. आता याची.”

“अवश्य!” साहेब खुलले. “बघा सगळ्यांनी, वेग काय असतो ते!”

भिंतीवरच्या पडद्यावर बदलाचा नुसता क्रमांक आला, त्यापुढे माझं नाव आणि ‘प्रतीक्षेत’. माझा लॅपटॉप खाली माझ्या टेबलावर होता, फोन खिशात. दोन्ही हातांत चहाचा कप.

ताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. चौथी जागा दाखवायच्या आधी बघितलं होतं, तसं.

चाळीस सेकंद किती मोठे असतात ते मला त्या दिवशी कळलं. दहाव्या सेकंदाला वाटलं, आता बोलावं. विसाव्याला विभागप्रमुखाची खुर्ची दिसली, चाकांची, मागे रेलणारी. तिसाव्याला घसा खाकरला. सगळे वळले. मी कपात बघितलं आणि म्हणालो, “चहा छान आहे.”

माझ्या शौर्याची गाथा इथे संपते.

पडद्यावर ‘मंजूर’ उमटलं. शेजारी माझं नाव. खोलीतल्या बारा जणांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. कप हललासुद्धा नव्हता.

“तुझं बटण स्क्रिप्ट दाबते. नेहमी चाळीस सेकंद,” ताई शांतपणे म्हणाली. “एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. अरे, मी टेस्टर आहे. वर्षभर वाट बघितली, स्वतःहून येशील म्हणून.”

तेवढ्यात प्रवाह वाहायचा तसा वाहिला. दोन मिनिटांत कंपनीच्या पहिल्या पानावर, जगाला दिसेल अशी ठसठशीत ओळ झळकली: ‘आमच्याकडे बदल वाचणारा माणूस नाही.’

“काढा ते!” साहेब किंचाळले.

“जुनं पान परत पाठवते,” ताई म्हणाली. “पण तपासायला चार तास लागतील. वेबसाइट आहे, सगळी पानं बघावी लागतात.”

“तपासू नका! ए, तुझी ती स्क्रिप्ट... तू दाब, आत्ताच्या आत्ता!”

मी खाली गेलो, स्क्रिप्ट बंद केली, लॅपटॉप घेऊन वर आलो. दोन वर्षांत प्रथमच माझ्या हातांना काम लागलं होतं.

“ताईने तपासल्याशिवाय मी दाबणार नाही.”

“मूर्खा, एक ओळ आहे ती!”

“मघाशीही एकच होती, साहेब.”

हे धैर्य मघाच्या चाळीस सेकंदांत सुचलं असतं तर मी माणसात जमा झालो असतो. असो.

ओळ साडेतीनपर्यंत, म्हणजे ताईचं तपासून होऊन मी बटण दाबेपर्यंत, तिथेच राहिली. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, ही काय भानगड? साहेबांनी पापणी न हलवता ठोकून दिलं, “भरतीची जाहिरात आहे, नव्या पद्धतीची.” मग भरती करावीच लागली. संध्याकाळपर्यंत सोळा अर्ज आले. ते तपासणार कोण? ताईला मोकळं करण्याचा विषय गुपचूप आलेखासकट भिंतीवरून उतरला. मला मात्र मोकळं केलं, त्याच दिवशी. काचेचा चौकोन परत मागितला नाही, एवढीच मेहेरबानी.

सतरावा अर्ज माझा होता.

तो ताईने बरोबर चार तासांनी परत पाठवला, तीन जागी खुणा करून. ‘दोन वर्षांचा अनुभव’ यावर तिने लिहिलं होतं, ‘हा अनुभव पंधरा ओळींचा आहे, तुझा नाही.’ पानाच्या तळाशी होतं, ‘चौथी तू शोध. सापडली की ये.’

दोन दिवस झाले, एकच पान वाचतोय. बायको डबा भरून हातात देते आणि विचारते, “सापडली?”

अजून नाही.