पाणी सोडायचा नकाशा

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि आमच्या गावचा तलाव सरकारचा झाला. तलाव तिथंच, पाळ तीच, पाणी सोडणारा सोमाजी ढिवरही तोच. पण सरकारला चैन पडेल तर ना! चांद्याहून गुणवंतराव नावाचे ओव्हरसियर आले आणि म्हणाले, सोमाजी थकला, उद्या तो नसला तर पाणी कोण सोडणार? प्रश्न रास्त होता. माणूसही वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गावानं त्यांना नाही नाही ते ऐकवलं.

गुणवंतरावांना कुठल्याशा शिबिरात एक नवी विद्या शिकवली होती. कुठलंही काम चौकटींत मांडायचं आणि एका चौकटीतून दुसरीकडे बाण काढायचा. जिथं ठरवायची वेळ येते तिथं तिरपी चौकट. तलावातलं पाणी पायरीतल्या वरच्या भोकाच्या वर आहे? असेल तर बाण उजवीकडे, नसेल तर डावीकडे. करणाऱ्यानं डोकं चालवायचंच नाही, बाण नेईल तिकडे जायचं. अक्षरं न येणाऱ्यांसाठी चौकटीत चित्रं.

सोमाजीला ही विद्या भलतीच आवडली. त्याला कारण होतं. त्याची एकुलती लेक कमळा दूर नदीकाठच्या मार्कंडा गावी दिलेली. जावई पोचू नदीवरचा मासेमार, तलावाचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण नकाशा बघून त्याला पाणी सोडता आलं तर सोमाजीची जागा त्याला देतो, असा गुणवंतरावांनी शब्द दिला. म्हणजे लेक कायमची जवळ. बापाला आणखी काय हवं?

दोघं पाळीवर बसले. सोमाजी सांगे, गुणवंतराव काढत. पाण्यात उतरायचं. दगडी पायऱ्यांमधल्या भोकांत लाकडी खुंटे ठोकलेले असतात, ते चाचपायचे. वरचा आधी काढायचा, खालचा आधी कधीच नाही. खुंटा निघाला की पाणी पाळीच्या पोटातल्या मोरीतून धावत पलीकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत जातं.

"अजून काही?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नाई जी. काम येवढंच."

एक गोष्ट मात्र सोमाजीनं सांगितली नाही. खुंट्याला हात लावण्याआधी तो आसराबाईला मोठ्यानं हाक मारायचा, "पाणी सोडतो वो बाई, बाजूले हो!" ती पाण्यात राहणारी. तिला न सांगता पाणी हलवायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. पण देवाचं देवापाशी. ते कामात कुठं मोडतं? आणि बाईला कागदावरच्या चौकटीत कोंडायचं तरी कसं?

आता पाळीच्या पलीकडचं ऐका. पाणी बंद असलं की मोरीत डबकं साचतं आणि त्यात मासे अडकतात. मासेमार ढिवरांच्या बायका वाकून आत शिरत आणि अंधारात हातांनी मासे धरत. वरून सोमाजीची हाक आली की टोपल्या उचलून बाहेर. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललेलं. पाळ उंच, त्यामुळे सोमाजीला पलीकडचं दिसत नसे. पाणी सोडताना मोरीत कोणी नसतं, एवढंच त्याला ठाऊक. का नसतं, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि ही सांगायची गोष्ट आहे असं कुठल्याही बाईला वाटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी गुणवंतराव म्हणाले, "सोमाजी, तू घरीच थांब. समोर असलास तर हा तुझ्याकडे बघेल, नकाशाकडे बघणार नाही." सोमाजी अंगणात जाळं विणत बसला. वेळ झाली असं वाटल्यावर तो हळूच पुटपुटला, "बाई वो, आज पोरगं नवं हाये. संबाळून घेजो." मग त्याच्या जिवाला बरं वाटलं.

पोचूनं एकही चूक केली नाही. चौकटीवर बोट ठेवायचा, काम करायचा, मग बोट पुढे सरकवायचा. तिरप्या चौकटीपाशी थांबून त्यानं पाणी नीट पाहिलं, उजवीकडचा बाण धरला आणि वरचा खुंटा उपसला. गुणवंतरावांनी त्याची पाठ थोपटली.

पोचूबरोबर माहेरी आलेली कमळा त्या दिवशी खुशीत होती. नवऱ्याला जागा मिळणार, तर घरात माशांचं कालवण हवं, म्हणून ती शेजारच्या ताराबाईबरोबर मोरीत शिरली होती. आज पाणी सुटणार हे दोघींना माहीत होतं. हाक आली की निघू, असा त्यांचा हिशेब. ताराबाई टोपली ठेवायला मोरीच्या तोंडाशी आली होती म्हणून वाचली. कमळा पार आत होती.

बांधीतल्या चिखलातून तिला उचलून अंगणात आणलं. सोमाजीनं विणायचं जाळं बाजूला सारून जागा केली. पोचू ओल्या अंगानं तो कागद घेऊन त्याच्यासमोर आला. रडत नव्हता, तेच बघवत नव्हतं.

"मामाजी, हे पाहा. इथून इथी आलो. मंग इथी. मी कुठी चुकलो, थे दाखवा ना."

"नाई चुकला तू, बाप्पा," सोमाजी म्हणाला. "सगळं बराबर केलं."

लेकीचं डोकं मांडीवर घेऊन मनकर्णा, कमळाची आई, बसली होती. तिनं मान वर केली.

"मंग त्यानं हाक काऊन नाई देल्ली?"

"कोनती हाक?"

"तुमी देता थे."

"थे त आसराबाईची होय," सोमाजी म्हणाला. "कामातली नोहोय थे. म्हून मी सांगतलीच नाई."

मनकर्णानं लेकीच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला.

"आमाले त वाटे," ती म्हणाली, "तुमी आमालेच हाक मारता."