टाकीतला उसासा

रविवारी सकाळी नऊ वाजता गल्लीतली निम्मी माणसं एका जुन्या स्कूटरभोवती कोंडाळं करून उभी होती. कुणी पायरीवर, कुणी कठड्यावर. दोन बायका तर घरातल्या खुर्च्याच घेऊन आल्या होत्या. पांढऱ्या झग्यातल्या महाराजांनी स्कूटरची सीट उचलली, खालच्या टाकीच्या झाकणावरचं लाल मेण नखानं खरवडलं आणि डोळे मिटून झाकणाला हात घातला.

"शांत! अगदी शांत! ते आलेत. ज्याला खोकला येत असेल त्यानं घरी जाऊन खोकावं."

झाकण फिरलं आणि टाकीतून आवाज आला. सूंऽऽऽ... दिवसभर राबून आलेल्या माणसानं खुर्चीत टेकताना सोडावा तसा लांब उसासा. गर्दीच्या अंगावर काटा आला. स्कूटरच्या मालकाची, अण्णांची, बायको, जिला वैधव्य येऊन आठ महिने झाले होते, तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागली.

"वहिनींचा आजचा प्रश्न होता, मुलीनं परगावी नोकरीला जावं का," महाराज म्हणाले. "आखूड उसासा म्हणजे होकार, लांब म्हणजे नकार. ऐकलात ना सगळ्यांनी? आम्ही काही बोललो नाही बरं का! आम्ही कोण? आम्ही नुसती किल्ली. कुलूप त्यांचं, घर त्यांचं."

मग ते अर्धं मिनिट काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी किक मारली. एका किकेत स्कूटर फटफटू लागली. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकनं पंधरा दिवस जिच्यापुढे हात टेकले होते, ती स्कूटर! लोकांनी टाळ्या पिटल्या. इंजिन चालू असतानाच महाराजांनी झाकण घट्ट लावलं, कनवटीचा मेणाचा गोळा मळून त्यावर थापला आणि अंगठ्याचा ठसा उमटवला. तीन-चार मिनिटांनी स्कूटर खोकत खोकत बंद पडली. "गेले," महाराज हळू आवाजात म्हणाले. "आता पुढच्या रविवारी."

मुलगी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून ती चार दिवसांपूर्वीच घरी आली होती. मोठ्या इस्पितळातल्या नोकरीचं पत्र तिच्या बॅगेत होतं आणि पुढच्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं; नाही झाली तर जागा दुसरीला. गर्दी पांगल्यावर ती आईसमोर बसली.

"आई, मी जाणार आहे."

"अण्णा नको म्हणाले ना गं."

"अण्णा? मला याच स्कूटरवर मागे बसवून फॉर्म भरायला कुणी नेलं होतं? जिवंतपणी ज्या माणसानं मला एकदाही नाही म्हटलं नाही, तो आता टाकीतून नाही म्हणतो?"

"तू नव्हतीस इथे," आई म्हणाली. "अकरा रविवार झाले. काहीतरी विचारलं की काहीतरी उत्तर येतं. तुला नाही कळायचं."

मुलीला कळलं ते एवढंच, की त्या झग्याच्या बाहीतून डोकावणारं घड्याळ अण्णांचं होतं. तेही एका आखूड उसाशानं दिलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला त्या माणसाला नुसतं हाकलायचं नव्हतं. त्याला ह्याच अंगणात, ह्याच माणसांसमोर, अण्णांच्या नावानं कमावलेलं सगळं ओकायला लावायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक एका मोटारसायकलीची साखळी रॉकेलमध्ये बुडवत होता. तिला बघून त्यानं मान खाली घातली.

"ताई, मला त्या स्कूटरचं काही विचारू नका. अहो, गिऱ्हाईक आता तोंडावर म्हणतं, जमत नसेल तर महाराजांना बोलवा!"

"काका, तुम्ही काय काय केलंत तेवढं सांगा."

"प्लग नवा टाकला. कार्बोरेटर दोनदा खोलला. नळी बदलली. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं, तेसुद्धा माझ्या पदरचं नवं बसवलं. इथे, हे बघा, या खिळ्याला पेट्रोलची बाटली टांगून चालवून पाहिली. तासभर चालली, हूं की चूं नाही. घरी नेली, टाकीवर जोडली, की चार मिनिटांत बंद. माझ्या बाटलीवर चालते, तुमच्या टाकीवर चालत नाही. मला तर वेडच लागायची पाळी आली."

मुलगी खिळ्याला टांगलेल्या बाटलीकडे बघत राहिली. बाटलीचं तोंड वर होतं आणि उघडं होतं. वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात तिनं काचेची सलाइनची बाटली लावली होती आणि हवेची सुई टोचायची विसरली होती. थोडं सलाइन गेलं आणि थेंब थांबले. सिस्टरनं सगळ्या वॉर्डासमोर तिची बिनपाण्यानं केली होती: "आत हवा गेल्याशिवाय बाहेर पाणी येईल कसं?"

"काका," तिनं विचारलं, "टाकीत हवा कुठून जाते?"

"झाकणाला बारीक भोक असतं की." एवढं बोलून मेकॅनिक थांबला. हातातली साखळी डब्यात पडली. "आयला!"

मग दोघांनी मिळून सगळं जुळवलं. अण्णा गेल्यावर आई रोज स्कूटर पुसायची. गंजू नये म्हणून फर्निचरचं मेण चोळायची, सीटखालीसुद्धा, झाकणावरसुद्धा. टाकी मात्र अण्णांच्या शिरस्त्याप्रमाणे काठोकाठ भरलेली. मायेनं भोक बुजलं आणि मेकॅनिकच्या नव्या रबरानं उरलीसुरली फटही बंद केली. महाराजांनी पहिल्या दिवशी सहज झाकण उघडलं असेल, आत हवा घुसताना आवाज झाला असेल आणि ह्या इरसाल माणसाला तिथेच धंदा सापडला असेल.

"सहज नाही हो," मेकॅनिक दात आवळून म्हणाला. "किक मारायच्या आधी तो पायाच्या अंगठ्यानं पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, चालू करतो. मी बघितलंय. ती सवय गॅरेजात काम केल्याशिवाय लागत नाही. त्याला सगळं माहीत आहे. चला, आत्ताच्या आत्ता मेण काढतो."

"हात लावायचा नाही," मुलगी म्हणाली. "आईलासुद्धा सांगायचं नाही. आज सांगितलं तर तो नवीन काहीतरी काढेल आणि निसटेल. मला तो रविवारी हवाय."

रविवारी कोंडाळं नेहमीपेक्षा मोठं होतं. महाराजांनी सीट उचलली आणि नख पुढे केलं, तोच मुलगी पुढे झाली. तिच्या हातात इंजेक्शनची कोरी सुई होती.

"महाराज, आज किल्ली मी होते."

महाराजांनी तिचा हात धरायच्या आत तिनं सुई मेणाच्या ठशातून बरोबर भोकात घातली आणि बाहेर ओढली. सूंऽऽऽऽ... आतापर्यंतच्या सगळ्यांत लांब उसासा.

"पापिणी!" महाराज किंचाळले. "बापाला सुई टोचलीस? तो आत्मा आता रागावणार! स्कूटर आता जन्मात सुरू होणार नाही!"

मुलीनं पायानं कॉक चालू केला आणि थांबली. "हे मंत्राचं अर्धं मिनिट. पेट्रोल खाली उतरायला एवढा वेळ लागतो." मग किक मारली. स्कूटर सुरू झाली. तिनं भोकावर अंगठा दाबला आणि तशीच उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. महाराज मागे सरकू लागले तर मागे मेकॅनिक हाताची घडी घालून उभा होता. चौथ्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तिनं किक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. मग अंगठा उचलला. सूंऽऽ. थोडं थांबून पुन्हा किक, आणि स्कूटर फटफटू लागली.

"टाकीतनं पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते," ती म्हणाली. "वाट बुजवली की पेट्रोल अडतं आणि गाडी मरते. झाकण उघडलं की हवा घुसते, तो तुमचा उसासा. सावकाश फिरवा, लांब येतो. झटक्यात फिरवा, आखूड येतो. होकार हवा की नकार, ते ह्यांच्या मनगटावर! दर रविवारी हा माणूस इंजिन चालू असताना मेण लावतो आणि पुढच्या रविवारचा उसासा भरून ठेवतो."

खुर्च्या आणलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी शिवी हासडली, कुणी महाराजांच्या झग्याला हात घातला.

"थांबा," आई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की सगळे खरंच थांबले. ती महाराजांसमोर येऊन उभी राहिली. बदला घ्यायच्या नादात हा घाव आपण आईलाही सगळ्यांदेखत घातला, हे मुलीला आत्ता जाणवलं.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" आईनं विचारलं.

महाराज बाही खाली ओढून मनगटावरचं घड्याळ झाकू लागले.

"मी विचारलं, तुम्हाला शेवटी फार त्रास झाला का. आखूड उसासा आला. म्हणजे हो. त्यानंतर मी कितीतरी दिवस धड जेवले नाही. ते उत्तर कुणी दिलं?"

"वहिनी, आम्ही तर..."

"मोठ्यानं."

"मी," महाराज पुटपुटले.

"घड्याळ दे म्हणून कुणी सांगितलं?"

"मी." त्यांनी घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं.

"आणि माझ्या मुलीनं जाऊ नये असं कोण म्हणालं? माझा नवरा म्हणाला?"

"नाही. मी. ती गेली असती तर उद्या तुम्हालाही घेऊन गेली असती, मग मला बोलावणारं कुणी उरलं नसतं."

"जा आता," आई म्हणाली. "चालत जा. गल्लीतनं जाताना प्रत्येक दारात थांबून सांग, तू कोण आहेस ते. मेकॅनिक, तुम्ही जा त्याच्याबरोबर. एकही दार चुकवू देऊ नका."

मेकॅनिकनं एकही दार चुकवू दिलं नाही. शेवटच्या दारापाशी महाराजांचा आवाज पार बसला होता, तरी त्यानं त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

अंगणात दोघीच उरल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुला आधी सांगायला हवं होतं मी."

"मेलेलं माणूस बोलत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं?" आई म्हणाली. "पण आवाज आला की बरं वाटायचं गं. एवढंच हवं होतं मला, आणि तेवढंच त्यानं हेरलं." तिनं डोळे पुसले. "बॅग भर. उद्या लवकर निघायचंय तुला."

माणसं गेलेल्या माणसासाठी रडतात, त्यात लाज कसली? पण रडणाऱ्याच्या कानात कुणी आवाज घालायला आलं, की त्याच्या हातात काय आहे ते बघा, झाकण तुम्ही स्वतः उघडा, आणि आवाज कुठून येतो हे विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याला दाराबाहेर काढा.