पाठमोऱ्या मालकाचा ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे, आणि हे तुम्हाला सांगत असतानाही माझे अर्धे लक्ष समोरच्या वाटेकडे आहे. रागावू नका. काहींना नखे खायची सवय असते, तशी मला वाटेकडे बघायची आहे. नखे असती तर तीही मी खाल्ली असती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. प्रत्येक नवा ट्रायपॉड उभा करून त्याच्या डोक्यावर दोन्ही तळहातांनी भार द्यायचा आणि पाय सरकत नाहीत ना ते बघायचे, एवढेच त्यांचे काम. माझ्यावर त्यांनी जरा जास्तच भार दिला, कारण तेव्हा त्या शेजारणीला जावेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी सरकलो नाही. माझ्या डोक्यात काचेच्या नळीत एक बुडबुडा आहे, तो मध्यावर असला की मी सरळ उभा आहे असे समजतात. माणसांच्याही डोक्यात बुडबुडा असतो असे ऐकून आहे, पण तो मध्यावर आणायची सोय त्यांच्याकडे नसावी.

मला विकत घेतले ते कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थांनी. दातांचे डॉक्टर मापे पाठवतात आणि हे आपल्या खोलीत बसून दुसऱ्यांचे दात घडवतात. टेबलावर सगळीकडे जबडे. सबंध आठवडा त्या जबड्यांसमोर मान खाली घालून बसल्यावर सुट्टीच्या दिवशी माणसाला डोंगर बघावासा वाटला, तर त्यात त्याचा काही दोष नाही. मालकांचे नुसते डोंगर बघून भागेना. डोंगरात चालणारे आपण स्वतः कसे दिसतो, तेही बघायचे होते. त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि चालताना आपले चित्रण करून इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली.

अडचण एकच होती. कॅमेरा धरायला बरोबर कोणी यायला तयार नव्हते. मालकीणबाई घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवतात, सुट्टीच्या दिवशी त्यांना पाय वर करून पडायचे असते. त्यांचा भाऊ, म्हणजे मालकांचा मेहुणा, याला घरात सगळे घाईसाहेब म्हणतात. तो एकदा गेला आणि वाटेतून परत आला, कारण डोंगर फार हळू संपत होता. मग मालकांनी कॅमेरा दगडावर ठेवून पाहिला, बुटावर ठेवून पाहिला. जे आले त्यात गवत उत्तम दिसत होते. म्हणून मी आलो.

आता आमची कामाची पद्धत सांगतो, कारण माझ्या काळजीचे मूळ तिच्यात आहे. एखादी सुंदर वाट दिसली की मालक मला तिथे उभा करतात. माझ्या मधल्या दांड्याला खाली एक आकडा आहे. वाऱ्याने मी पडू नये म्हणून त्या आकड्याला ते आपली सॅक अडकवतात. जड सॅक खाली लोंबली की मी जमिनीला चिकटून उभा राहतो. मग ते कॅमेरा सुरू करतात, हातात एक काठी घेतात, जिची त्यांना मुळीच गरज नाही, आणि माझ्याकडे पाठ करून चालू लागतात. बघणाऱ्याला वाटावे, हा एकटा माणूस निघाला दूर, कशाचे ओझे नाही, कोणाची ओढ नाही. असे बरेच लांब जायचे. मग धापा टाकत परत यायचे, मला आणि सॅकला उचलायचे आणि तीच वाट पुन्हा चालायची. प्रत्येक डोंगर ते तीनदा चालतात. परत येतानाचा भाग नंतर कापून टाकतात.

घरी बसून त्या चित्रणावर ते आपला आवाज चढवतात. जबड्यांच्या गराड्यात बसून, घसा खाकरून म्हणतात, "या वाटेवर फक्त मी आणि माझी सावली." सावलीला धरले, मला वगळले. असो. लोक खाली लिहायचे, किती शांत, किती सुंदर. कॅमेऱ्याचे नाव विचारायचे. एका गृहस्थांनी तर मालकांच्या बुटांची चौकशी केली. माझ्याबद्दल कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण मला वेगळाच घोर होता. जरा विचार करा, मित्रांनो. त्या सॅकमध्ये काय असायचे? पाणी, खाऊ, रेनकोट, टॉर्च, शिट्टी आणि फोन. डोंगरात माणसाचा जीव वाचवणारी जेवढी चीजवस्तू असते तेवढी सगळी मालक माझ्या गळ्यात बांधायचे आणि स्वतः एक शोभेची काठी घेऊन निघून जायचे. जीव टांगणीला लागणे म्हणतात ना, तो दर सुट्टीला माझ्या आकड्याला लागलेला असायचा. मी डोंगरात सुखरूप होतो. उपाशी नव्हतो, भिजणार नव्हतो, हरवलो तर शिट्टी होती. फक्त वाजवायला तोंड नव्हते.

दर वेळी पाठ लहान होत जायची तसा माझ्या डोक्यातला बुडबुडा थरथरायचा. आणि दर वेळी ते परत यायचे. पण म्हणून काळजी शहाणी होत नाही.

वर्षे गेली. माझ्या डाव्या पायाची खिट्टी ढिली झाली. मालकांनी तिला चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्या सुट्टीला नीट करू म्हणाले, आणि पुढच्या सुट्टीला आम्ही डोंगरात होतो. मधल्या दिवसांत पाळणाघरातली ओली लाळेरी वाळत घालायला माझा उपयोग होत असे. पर्वतराजी पाहून आलेल्या डोक्यावर बदकांचे चित्र असलेले लाळेरे. त्याचीही सवय होते.

एके दिवशी घाईसाहेब आले. त्यांनी उभ्याउभ्याच, दुप्पट वेग लावून, मालकांचे नवे चित्रण पाहिले. पाहून झाल्यावर म्हणाले, "भावोजी, बाकी छान आहे. पण तुम्ही ठिपका होत नाही. अगदी ठिपका झालात ना, की बघणाऱ्याला गलबलून येतं." आणि गेले निघून. बोलणाऱ्याला घाई होती, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते मुक्कामाला राहिले. मालकांना ठिपका व्हायचे वेड लागले.

त्यासाठी त्यांनी डोंगराची एक लांबलचक धार शोधून काढली. दोन्ही बाजूंना उतार, मधून वाट, शेवटी एक खिंड. उजवा उतार गवताचा होता. डावा कुठवर जातो ते मला दिसत नव्हते, म्हणून तो फार खोल असणार असे मी धरून चाललो. मला उभा केला, सॅक अडकवली. एरवी ते फोन मुका करून ठेवायचे, कारण नेमके चित्रण चालू असताना मालकीणबाईंचा फोन यायचा आणि पक्ष्यांच्या किलबिलाटात घंटी घुसायची. त्यावरून घरात बरेच बोलणेही व्हायचे. त्या दिवशी ठिपक्याच्या नादात ते विसरले. काठी घेतली आणि निघाले.

पाठ बाहुलीएवढी झाली. मग काडीएवढी. मग खरोखरच ठिपका झाली, आणि मला गलबलून वगैरे काही आले नाही, नुसती भीती वाटली. ठिपका खिंडीच्या अलीकडे पोचला आणि डावीकडून ढग चढला. तो घाईत नव्हता. आधी खिंड घेतली, मग ठिपका घेतला, मग वाट, मग गवत, आणि शेवटी माझ्या पायांशी येऊन बसला. पांढऱ्याशिवाय काही उरले नाही.

मी वाट पाहिली. माझ्याकडे दुसरा काही कार्यक्रमही नव्हता. नेहमी परत यायला लागतो तेवढा वेळ झाला, त्याच्या दुप्पट झाला. मग त्यांची हाक ऐकू आली. उजवीकडून आली म्हणून मला हायसे वाटले. मग ती मागून आली. मग थोड्या वेळाने डावीकडून आली, आणि खालून.

मित्रांनो, डावीकडून नको होती.

इतक्यात माझ्या गळ्यातली सॅक वाजू लागली. मालकीणबाईंचा फोन. तुम्हाला सांगायला हवे, पाळणाघर चालवणाऱ्या बाईची फोन करायची एक रीत असते. एखाद्या मुलाचे आईवडील वेळेवर आले नाहीत तर ती ते उचलेपर्यंत फोन करत राहते. घंटी संपली की पुन्हा, संपली की पुन्हा, एका हाताने पोराला थोपटत. नवरा जेवायच्या वेळेला घरी आला नाही, तर त्यालाही हीच रीत.

फोन वाजत होता तोवर हाक माझ्याकडे सरकत होती. फोन थांबला की हाक घुटमळायची आणि भलतीकडे वळायची. पुन्हा वाजला, पुन्हा जवळ. आता नुसती हाक नव्हती, दगड घसरल्याचे, गवत उपटल्याचे आवाज येत होते. वारा वाढला. सॅक झोके घेऊ लागली, आणि माझ्या डाव्या पायाची चिकटपट्टी सुटली. पाय थोडा आत गेला. मी कलंडलो. पडलो असतो तर सॅक आणि तिच्यातला फोन घेऊन डावीकडेच गेलो असतो. बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन बसला. मी काही शौर्य केले असे समजू नका. मी उभा राहिलो. मला तेवढेच येते.

मग फोन थांबला, आणि थांबूनच राहिला.

सगळे गप्प. आणि खालून, अगदी जवळून, मालकांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते. "अजून एकदा कर गं," ते म्हणत होते. "एकदाच कर."

ज्या फोनवरून इतकी वर्षे घरात कटकट चालली होती, त्याची ते धुक्यात गुडघ्यांवर बसून विनवणी करत होते. आणि फोन येत नव्हता. किती वेळ येत नव्हता ते मला विचारू नका. माझ्या हिशेबाने मी त्या वेळात म्हातारा झालो.

मग सॅक वाजली. थोड्या वेळाने पांढऱ्यातून एक हात आला, त्याने माझा धड असलेला पाय पकडला, आणि त्यामागून मालक आले. गुडघा फुटलेला, टोपी नाही, काठी नाही. त्यांनी सॅकमधून फोन काढला.

"जेवलात का?" मालकीणबाईंनी विचारले.

"जेवतो आता," मालक म्हणाले.

"आवाज असा का येतोय?"

"धुकं आहे."

मग रेनकोट घालून, पाणी पिऊन, ते माझ्या पायांशी बसून राहिले. ढग उतरला तेव्हा डावी बाजू दिसली. ती खरोखरच खूप खोल होती. आम्ही दोघांनीही तिकडे फार वेळ पाहिले नाही.

घरी आल्यावर मालक गुडघ्याबद्दल घसरलो एवढेच म्हणाले. पण कॅमेरा सगळा वेळ चालूच होता. दोन दिवसांनी ते चित्रण पुसून टाकायला बसले आणि मालकीणबाई खोलीत आल्या. दाखवा म्हणाल्या. मालकांनी ठिपक्यापर्यंत दाखवले आणि पुढे नुसते पांढरे आहे म्हणाले. मालकीणबाईंनी एक खुर्ची ओढली, तिच्यावरचे जबडे उचलून टेबलावर ठेवले, आणि ते पांढरे शेवटपर्यंत पाहिले. स्वतःच्याच फोनची घंटी ऐकली. मधूनमधून ती हाक ऐकली. मग ते "अजून एकदा कर गं" आले.

त्यांनी चित्रण बंद केले. मग म्हणाल्या, "तेव्हा मी फोन ठेवूनच दिला होता. सुट्टी असूनही एक पोर ठेवून घेतलं होतं, त्याला न्यायला त्याची आई आली, तिच्याशी बोलत बसले. म्हटलं, याल तुम्ही. मग ती गेल्यावर वाटलं, अजून एकदा करून बघू." असे म्हणून त्या उठल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. तिथे त्या वेळी एकही मूल नव्हते.

घाईसाहेबांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, हेच टाका, लोक वेडे होतील. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे असे काही पाहिले की त्यांना एक तातडीचे काम आठवले.

त्यानंतर कित्येक दिवस मी कोपऱ्यात लाळेरी सांभाळत होतो. माझी खिट्टी मात्र बदलली. मग एका सुट्टीला मालकांनी मला उचलले तर मागून मालकीणबाईही बूट घालून निघाल्या. टेकडी लहानशीच होती, वाट सरळ होती, आकाशात ढगाचा पुंजकाही नव्हता. मालकांनी मला उभा केला आणि आकड्याला सॅकऐवजी एक दगड भरलेली पिशवी अडकवली. सॅक पाठीवर घेतली. "बघणाऱ्यांना ओझं दिसेल," ते म्हणाले. "दिसू दे," त्या म्हणाल्या.

ते चालू लागले. मालकीणबाई माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. पाठ लहान होत गेली तशी मूठ आवळत गेली. इतकी वर्षे मला वाटत होते, एवढी काळजी करणारा मीच एक वेडा आहे. त्यांना कॅमेऱ्यातले काही कळत नाही, त्यामुळे हात धरला की चित्र हलते हे त्यांना ठाऊक नव्हते. ते हलले. सबंध टेकडी शेवटपर्यंत थरथरत राहिली.

मालकांनी ते घरी तीनदा पाहिले आणि कुठेही न कापता तसेच इंटरनेटवर टाकले. खाली एकाने लिहिले, दादा, चांगला ट्रायपॉड घ्या.

तर मित्रांनो, डोंगरात जरूर जा, चित्रेही काढा. माझ्यासारख्या कोणाला मागे उभा करून जाल तेव्हा पाणी, शिट्टी आणि फोन तुमच्याजवळ असू द्या. त्याच्या पायांच्या खिट्ट्या वेळच्या वेळी आवळा. आणि जमलेच तर फार लांब जाऊ नका. आज मालक जरा पुढे गेले आहेत, मालकीणबाईंनी दोनदा घड्याळ बघितले आहे, आणि मलाही आता बोलणे थांबवून तिकडे बघायला हवे.