भांडी न हलणारी जागा

‘‘टाकी कुठे गेली?’’ आजोबांनी विचारलं.

मामा बोटीचं चाक धरून उभा होता. ‘‘बाबा, ती कधीच पाडली.’’

‘‘मला न विचारता?’’

मी हसले, मामा हसला नाही. संध्याकाळ उतरत होती. बंदरात फेरीबोटी, जहाजं ओढणारे टग, मच्छिमारांच्या होड्या यांची नुसती झुंबड, आणि आम्हाला रात्रीपुरता नांगर टाकायला जागा हवी होती. सकाळी पलीकडच्या धक्क्यावर बोट नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची होती. आजोबांनी आयुष्यभर हिच्यातून कौलं आणि विटा वाहिल्या. आता त्यांचं मागणं एवढंच होतं, की शेवटची रात्र जुन्या जागेवर काढायची.

जुनी जागा म्हणजे, पाण्याची टाकी आणि घड्याळाचा मनोरा एका रेषेत दिसले की आपण जिथे असू तिथे. मी लहान असताना सुट्टीत आजी-आजोबांबरोबर तिथेच निजायचे. डोक्याशी आजी, पायाशी कौलांची चळत, फळीखाली पाण्याचं चुळुकचुळुक. दोघं अंधारात भांडायची, पण मला जाग येऊ नये म्हणून इतकी हळू, की मला वाटायचं अंगाईच चालली आहे. तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही, आणि झोपेच्या बाबतीत मी चांगलीच अनुभवी आहे.

‘‘इथेच. टाक नांगर,’’ आजोबा एकदम म्हणाले. टाकीच्या आसपास उभी राहिलेली एक उंच इमारत त्यांनी खूण म्हणून धरली होती.

‘‘नक्की ना, बाबा?’’

‘‘अरे, डोळे मिटून सांगेन.’’

मामाने नांगर टाकला. मी चहाचं आधण ठेवतेय तोच मागून कान फाटतील असा भोंगा वाजला. एक फेरीबोट आम्हाला जेमतेम चुकवून गेली. तिच्या लाटेने आमची बोट अशी डोलली, की आधण स्टोव्हवर आणि डबे माझ्या पायावर. फेरीवरचा खलाशी कठड्यावरून ओरडला, ‘‘ओ काका, भर रस्त्यात खाट टाकलीत का?’’

मामाने नांगर वर ओढला आणि मग तोंड उघडलं. ‘‘मी म्हणतच होतो. तेलाच्या धक्क्याला बांधू, तिथला वॉचमन ओळखीचा आहे. एका रात्रीचा तर प्रश्न.’’

‘‘बांध मग,’’ आजोबा म्हणाले.

भांडणारे आजोबा मला चालतात. पण हे इतकं साधं, सरळ ‘बांध मग’ मला चालेना.

‘‘आजोबा, ती जागा पहिल्यांदा कशी शोधलीत? टाकीची खूण आधीपासून थोडीच ठरली होती?’’

‘‘मी कुठे शोधली? तुझ्या आजीने शोधली.’’ ते अजून किनाऱ्याकडेच बघत होते. ‘‘लग्नानंतरची पहिली खेप. मी नांगर टाकीन तिथे हिची भांडी खडखडायची. शेवटी पातेलं काठोकाठ भरून डेकवर ठेवलं आणि म्हणाली, हे सांडेल तिथे मी निजणार नाही. हात सोलून निघाले माझे नांगर उचलून उचलून. जागा मिळाली तेव्हा टाकीची खूण धरली, म्हणजे पुन्हा हा छळ नको.’’

मी आत पळाले आणि पातेलं भरून आणलं.

‘‘टकळे, ओहोटी लागलीय,’’ मामा म्हणाला. ‘‘पोरखेळ पुरे.’’

‘‘ओहोटी लागलीय तर लवकर चल ना.’’ यंदा मी वर्गाची मॉनिटर आहे, त्यामुळे हा आवाज आपोआप लागतो. मामाने चाक फिरवलं.

मच्छिमारांच्या होड्यांमागे थांबलो, तर एक टग गेला आणि अर्धं पातेलं माझ्या पंजाबी ड्रेसवर. मग चिखलाच्या काठाजवळ गेलो. पाणी आरशासारखं. मी विजयाची घोषणा करणार, तेवढ्यात आजोबांनी दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडून खोली पाहिली. ‘‘पहाटे बूड टेकेल इथे. नवा मालक चालतच येईल बोट न्यायला.’’

पण आता त्यांचा आवाज त्यांचा होता.

जुन्या दगडी बांधाच्या आड आलो. टग गेला, लाटा आल्या आणि बांधावर फुटल्या. पातेल्यातलं पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. आजोबांनी शिशाच्या बुडाला साबण फासून ते पुन्हा सोडलं. वर आलं तेव्हा साबणाला करडा, चिकट गाळ लागला होता. नांगर रुतायला असाच तळ लागतो. खोलीही ओहोटीला पुरेशी होती.

‘‘आणि भरती आल्यावर?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘बोट फिरून समुद्राकडे तोंड करेल. दोराच्या टप्प्यात ना बांध येतो, ना दुसरी बोट.’’

‘‘ऐकलंस?’’ ते मामाला म्हणाले.

‘‘सगळं बंदर ऐकतंय, बाबा.’’

नांगर आजोबांनीच सोडला, हाताखाली हात घेत, सावकाश. दोर सैल पडला, मग ताठ झाला. बोटीने प्रवाहाकडे नाक वळवलं आणि ती थांबली.

‘‘धरला,’’ मामा म्हणाला. ‘‘द्या, मी बांधतो.’’

‘‘हो,’’ आजोबा म्हणाले. ते तिथेच मांडी घालून बसले आणि दोराचा शेवट त्यांनी मांडीवर ओढून घेतला.

मामाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग हात पुसले आणि आधण पुन्हा ठेवायला आत गेला.