नारळ फुटला की या

रत्नाच्या चुलीपाशी रोज सकाळी जे चालतं तेच त्या दिवशीही चाललं होतं. भाकरी थापल्याचा आवाज, कुकरची शिट्टी आणि मंगलची बडबड. तिन्हींत मंगलचाच आवाज मोठा. फरक एवढाच, की आज मंगलचा नवरा सोमनाथ सारखा आत डोकावत होता, बाहेर पळत होता, रस्त्याच्या वळणाकडं बघून परत येत होता. त्याच्या पायाला भिंगरी लागली होती आणि डोक्याला जेल.

विंझरच्या वरच्या अंगाला डोंगरात ही वाडी. पोरं पुण्याला कामाला, म्हातारी मागं. कुणाला दिसत नाही, कुणाला चुलीपुढं बसवत नाही. रत्नाचा नवरा इंद्रजित कापूरहोळच्या फाट्यावर अपघातात गेला. त्यानंतर कधीतरी तिनं वळणापलीकडच्या धोंडाबाईला एक डबा नेऊन दिला. एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले, शेजारच्या वाड्यांतूनही निरोप यायला लागले. धाकटी जाऊ मंगल हाताखाली आली. बायकांचा गट झाला. रत्ना स्कूटी शिकली आणि डबे घेऊन डोंगर चढायला लागली.

मग सोमनाथच्या मोबाईलवर कुठूनतरी एक जाहिरात आली. गावागावांत असं काम करणाऱ्या छोट्या गटांना पुण्यातली एक संस्था अनुदान देते. स्वयंपाकाची भांडी, मोठी शेगडी, डबे पोचवायला गाडी. आणि एकल महिला पुढं असतील तर त्या गटाचा विचार आधी.

सोमनाथ उडालाच. एकल महिला तर घरातच होती! त्यानं अर्ज भरला. गटाच्या अध्यक्ष मात्र मंगल. कारण ठकुबाई, म्हणजे या दोघींच्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "पयलं नाव सवाष्णीचं आसूदे. कामाला चांगली सुरवात नगं का?" आणि अध्यक्ष मंगल म्हटल्यावर मीटिंगला कोण जाणार? मंगलचा नवरा. फोन कोण उचलणार? मंगलचा नवरा. वाडीत त्याला 'अध्यक्षांचे मालक' म्हणायचे, आणि गडी खूश व्हायचा.

अर्जात एक प्रश्न होता, गावात विधवा प्रथा पाळतात का? सोमनाथनं ठोकून दिलं, अजिबात नाही. वर ग्रामसभेत ठरावही करून घेतला. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, फोटो काढला, फोटो अर्जाला जोडला. रत्नाला पेढा मिळाला. तो सगळ्यात शेवटी मिळाला, पण मिळाला.

आणि आज त्या संस्थेच्या बाई काम बघायला येणार होत्या.

"आल्या आल्या त्यांच्या डोळ्याला पयलं काय पडावं?" ठकुबाई ओटीचं ताट लावता लावता म्हणाल्या. नवीन खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. "सवाष्ण पडावी. एवढं मोठं काम, त्याला इघ्न नगं."

सोमनाथ स्वयंपाकघराच्या दारात आला. घसा खाकरला. "वैनी, तुमी वाईच मागं गोठ्यात बसा. नारळ फुटला की या. मग फोटू तुमचाच. पयला नंबर."

रत्नाच्या हातातली भाकरी तव्यावर पडली. "आन डबे?"

"डबे एक दिस उशिरा गेलं तर काय आभाळ पडतंय?"

मंगल उसळली. "आवं, अर्जात काय लिवलंय तुमी? आमी पाळत न्हाई म्हणून लिवलंय ना?"

"अर्ज येगळा, मुहूर्त येगळा," सोमनाथ म्हणाला. त्याला हे वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते बाहेर जाऊन वडिलांनाही ऐकवलं. गेनबा डोक्याला नवा फेटा आणि हातात नारळ घेऊन सकाळपासून गटाच्या फलकाखाली उभे होते. त्यांनी मान हलवली. त्यांना सगळ्यालाच मान हलवायची सवय होती.

भरलेले डबे रत्नानं क्रेटमध्ये रचले, क्रेट उचललं आणि मागच्या दारानं गोठ्यात गेली. म्हशीनं तिच्याकडं बघितलं आणि रवंथ चालू ठेवला. म्हशीला कुणाच्या तोंडाचं वावडं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, पण ठकुबाईंना कळू देऊ नका.

आदल्या आठवड्यात सोमनाथ अंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला होता. तो मंगलनं उचलला. पलीकडं पुण्याच्या बाई, शेफाली नाव. कधी येऊ, रस्ता कसा आहे, असं बोलणं झालं. मंगलनं आपल्या रीतीप्रमाणं चौकशी केली. पोरं किती? मालक काय करत्यात? त्यावर पलीकडून उत्तर आलं, "मालक नाहीत आता. गेले."

मंगल गप्प झाली. मंगल गप्प होणं ही वाडीच्या इतिहासातली घटना, पण तेव्हा बघायला कुणी नव्हतं. मग ती म्हणाली, "जेवायलाच या ताई." फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून हसली. घरात कुणालाही सांगितलं नाही.

गाडी आली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सोमनाथ वळणापासून गाडीपुढं पळत आला, जसं काही गाडीला रस्ता माहीत नव्हता. शेफाली उतरली. सुती साडी, हातात काकणं, कपाळाला मरून टिकली. ठकुबाईंनी ती टिकली बघितली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"या बाई, या. लक्षुमी आली दारात." ठकुबाई ओटीचं ताट घेऊन पुढं झाल्या.

"आजी, हे नको. आधी स्वयंपाकघर बघू या, मग..."

"नगं कसं? आमच्यात पाव्हण्या सवाष्णीला तसं आत घेत न्हाईत."

"अहो, पण मी..."

"भरा आत्या," मंगल मागून म्हणाली. "चांगली भरा. हात राखू नका."

ठकुबाईंनी ओवाळलं. कुंकू लावलं, चांगलं रुपयाएवढं. पदरात खण टाकला, तांदूळ टाकले, नारळ ठेवला. जमलेल्या बायका कौतुकानं बघत होत्या. ठकुबाईंना भरून आलं. त्या शेफालीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "आता नाव घ्या बाई. लाजू नका. यमक जुळलं न्हाई तरी चालतंय."

शेफालीनं पदरातल्या नारळाकडं बघितलं, मग ठकुबाईंकडं.

"घेते की. केदार. यमक तो असताना कधी जुळवलं नाही. तो गेला त्याला आता बरेच दिवस झाले, आजी. मी हेच सांगत होते."

ठकुबाईंचा हात हनुवटीखाली तसाच राहिला. गेनबांनी फोडायला वर उचललेला नारळ वरच राहिला. एक बाई पटकन म्हणाली, "अगं बया."

ठकुबाई हळूच मंगलकडं वळल्या. "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन म्या ओटी भरली तरी गप बसलीस?"

"भरलीत की चांगली. आभाळ पडलं का, आत्या?"

सोमनाथला दरदरून घाम फुटला. तो पुढं घुसला. "म्याडम, आमच्यात तसलं काय पाळतच न्हाईत! ठराव केलाय आमी. पेढं वाटल्यात. फोटू हाय."

"फोटो बघितला मी," शेफाली म्हणाली. "ज्यांच्या कामाचा अर्ज आहे त्या रत्नाताई कुठं आहेत?"

"नारळ फुटला की येत्यात," सोमनाथ बोलून गेला.

बोलला आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. तो गोठ्याकडं जो सुटला तो थेट म्हशीपुढंच थांबला. मागोमाग मंगल.

"वैनी, चला! लवकर चला! अनुदान चाललंय हातातनं!"

रत्ना क्रेटच्या कडेला बसली होती. डब्यांवर फडका टाकून, कालवण निवू नये म्हणून. ती उठली नाही.

"सकाळी म्या दिसू नये आशी हुते. आता दिसायलाच पायजे व्हय?"

"आवं झालं गेलं. तुमी फकस्त हितं पुढं येऊन हुबं ऱ्हावा. आईला सांगतो कुंकू लावाया. सगळ्यांच्या म्होरं लावतो."

"सगळ्यांच्या म्होरंच लावनार तुमी," रत्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "भाऊजी, इंद्रजित गेल्यापासनं म्या ह्या घरात मागच्या दारानं फिरते. लगीन आसलं की चुलीपाशी, बारसं आसलं की चुलीपाशी. कुनी मारलं न्हाई, कुनी उपाशी ठिवलं न्हाई. निस्तं सरकवत गेलात. आज गोठ्यापातूर सरकवलंत. ह्याच्या मागं आता डोंगरच हाय."

मंगलच्या डोळ्याला पाणी आलं. "आक्का..."

"तू रडू नगंस, तुजं काम झ्याक झालंय." रत्नानं क्रेट उचललं. "पाव्हणीला दाखवायला म्या कुंकू लावून घेनार न्हाई. कुनी बघत नसंल तवा बोलवा. तवा बघू."

आणि ती निघाली. मागच्या दारानं नाही, घराला वळसा घालून पुढच्या अंगणात, कारण स्कूटी तिथं लावली होती. एका बाजूला ठकुबाई ताट घेऊन, दुसऱ्या बाजूला पाहुणी ओटी घेऊन, मधून रत्ना. भर कार्यक्रमात, सगळ्यांना आडवी.

"आत्या, आडवी जाते," ती न थांबता म्हणाली. "डबे थांबल्यात."

स्कूटी सुरू झाली. शेफालीनं चपला सरळ केल्या, पदर खोचला आणि ओटीतल्या नारळासकट स्कूटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. "मी काम बघायला आलेय," ती सोमनाथला म्हणाली. "ते तिकडं चाललंय." सोमनाथ काही म्हणेपर्यंत स्कूटी वळणाआड गेली होती.

धोंडाबाई उंबऱ्यात बसून होती. स्कूटीचा आवाज ओळखून ओरडली, "मेले का न्हाई बघाया आलीस व्हय गं? पोटात कावळं कोकलाया लागलं!"

"घरी कार्यक्रम हुता, म्हातारे. म्या गोठ्यात हुते."

म्हातारीला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचंही कपाळ कित्येक वर्षांचं मोकळंच होतं. तिनं डबा उघडला, भाकरी मोडली, चावत चावत म्हणाली, "तुज्या हातचा घास चालतो, आन तुजं तोंड चालत न्हाई व्हय त्यांस्नी?" मग शेफालीच्या बाजूला मान वळवून, "ही कोन? नर्सबाई का?"

"पाव्हणी हाय."

"मग उभी का? बस की गं. अर्धी भाकर घे."

शेफालीनं घेतली. रत्नानं तोवर म्हातारीचं पाण्याचं भांडं भरलं, गोळ्या पुढं ठेवल्या. वाटेत दोघी काय बोलल्या ते स्कूटीच्या आवाजात गेलं. सगळे डबे वाटून त्या परत आल्या, तेव्हा ओटीत नारळ नव्हता. तो धोंडाबाईच्या देवापुढं होता. तिनंच मागून घेतला होता, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, बेधडक.

सोमनाथ चहाचा कप धरून उभा होता. "म्याडम, मग आपलं... अनुदानाचं..."

"काम पक्कं आहे. अर्जातलं एक वाक्य कच्चं आहे," शेफाली म्हणाली. "तेवढं खरं झालं की कळवा म्हणणार होते. पण तुम्ही लगेच कळवाल. त्यामुळं मीच येईन परत. न सांगता."

ती गेली, आणि वाडीची झोप गेली.

न सांगता म्हणजे कधी? सोमनाथनं वळणावरच्या टपरीवाल्याला सांगून ठेवलं, गाडी दिसली की मिस्ड कॉल दे. भात कापणीला आलं, झोडपून झालं, तरी मिस्ड कॉल चालूच. गाडी दिसली की पळापळ. "वैनी, पुढं या! आई, कुंकवाचा करंडा!" निघायचा कोण? एकदा खताचा टेम्पो. एकदा पिठाच्या गिरणीचा मेकॅनिक. एकदा तोरण्याला निघालेली पोरं रस्ता चुकून आली, तर त्यांनाही ठकुबाईंनी सांगून टाकलं, "आमी काय पाळत न्हाई हो." पोरं घाबरून निघून गेली. रत्ना जागची हलायची नाही. आणि मंगल हसून हसून भिंतीला टेकायची. आता फोनही तिच्याच कमरेला असतो. अध्यक्षांच्या मालकांना लागला तर ते मागून घेतात.

अनुदानाचं पत्र अजून आलेलं नाही. गाडीही आलेली नाही. तुम्ही हसाल सोमनाथला. हसा. पण तुमच्या घरी मुंजीला, लग्नाला, डोहाळजेवणाला कुणीतरी चुलीपाशी सरकून बसलेलं असतं, आणि तुमच्याकडं तर गाडी येण्याची भीतीही नाही.

संक्रांतीला ठकुबाईंच्या अंगणात बायका जमल्या. वाण झालं, तिळगूळ झाला, बायका आपापल्या घरी गेल्या. ठकुबाई एकट्याच ओसरीवर करंडा झाकून ठेवत होत्या. रत्ना रिकाम्या डब्यांचं क्रेट घेऊन आली आणि सवयीनं मागच्या अंगाला वळली.

"रत्ने," ठकुबाई म्हणाल्या. "हिकडनं ये."

रत्ना थांबली. "गाडी न्हाई आली, आत्या."

"ठावं हाय." करंड्याचं झाकण निघत नव्हतं. "सकाळधरनं त्या वळणाकडंच बघतीया म्या. बायका गेल्या, सोम्या शेतावर हाय. कुनी न्हाई. मान वर कर."

रत्नानं लगेच मान वर केली नाही. क्रेट खाली ठेवलं. मागं वळून वळणापर्यंतचा सगळा रस्ता नीट बघून घेतला. टपरी बंद होती. धूळसुद्धा उडत नव्हती.

मग ती पुढच्या पायऱ्या चढली.