दसऱ्यानंतरचा रविवार

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या मंगळवार पेठेला ठाऊक आहे. अप्पा म्हणायचे, "सौंदर्या, दुकानात दोन पंखे लागतात. एक कॉम्प्युटरला, एक तुला." अप्पा म्हणजे माझे वडील, प्रभुलिंग. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्यांचं दुकान आता मी चालवते.

परवा उचगावहून हंबीररावकाकांचा फोन आला. घराशेजारच्या शेडमध्ये ते पितळी पाट्यांवर नावं कोरायचं मशीन चालवतात. ते मशीन ज्या कॉम्प्युटरवर चालतं, तो अप्पांनीच २००८ साली जोडून दिलेला. त्याची हार्डडिस्क मरायला टेकलेली. मी नवी घेऊन गेले, तर मदरबोर्ड तिला ओळखच देईना. बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काम चार मिनिटांचं, पण त्या चार मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला की बोर्ड कायमचा मेला. तसला बोर्ड आता कुठं मिळत नाही, आणि नव्या कॉम्प्युटरला काकांच्या मशीनची केबलच बसत नाही.

"पोरी, हे गेलं तर माझं मशीन भंगारात," काका म्हणाले. "ह्या वयात दुसरं काय करू मी?"

आधी नुसता चालू करून बघितला. तिसऱ्या मिनिटाला गप्पकन बंद! तापल्याशिवाय असं होत नाही. कॅबिनेट उघडलं आणि बघतच राहिले. प्रोसेसरवरच्या पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या गच्च बसलेल्या. त्यावर हळद, कुंकू, चार अक्षतासुद्धा. पंखा फिरणार कसा, कपाळ!

"कुणी फुलं कोंबली ह्यात?" मी ओरडलेच.

काकांच्या पत्नी बनाबाईकाकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मीच की गं. खंडेनवमीला हार घालतो न्हवं आपण? मशीनला घालतो, तसा ह्यालाबी घालतो, त्या बाजूच्या जाळीवर. एवढी वर्सं चाललंय. तुझ्या अप्पांनी कदी काय म्हटलं न्हाई."

"जाळीतनं सगळं पंखा आत ओढतो, काकू. अप्पांना माहीत असतं ना, तर..." म्हणत मी कॅबिनेटचं झाकण उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं अप्पांचं अक्षर. 'दसरा २००९, साफ.' 'दसरा २०१०, साफ.' असं ओळीनं २०१८ पर्यंत. शेवटच्या ओळीत हात थरथरलेला दिसत होता.

दसऱ्यानंतरचा रविवार! एरवी दर रविवारी आम्ही बापलेक रंकाळ्यावर फिरायला जायचो. तो एक रविवार मात्र हमखास बुडायचा, कारण अप्पा स्कूटर काढून उचगावला यायचे. आई विचारायची, एवढं काय ठेवलंय तिथं? अप्पा म्हणायचे, "बनाबाईंच्या पुरणपोळ्या." मी दिवसभर फुगून बसायची. पोळ्यांसाठी पोरीला टाकून जातो हा माणूस, असं वाटायचं.

"काकू, अप्पा दसऱ्यानंतर यायचे, तेव्हा काय करायचे?"

"जेवायचं की! आल्या आल्या मला म्हणायचं, बनाबाई, पोळ्या गरम गरम लाटा, तवर मी कॉम्प्युटरची खुशाली इचारतो."

म्हणजे काकू तिकडं पोळ्या लाटत असायच्या, आणि अप्पा इकडं एकेक पाकळी वेचून खिशात घालत असायचे. काकूंना वाईट वाटू नये म्हणून दहा वर्षं हा माणूस चकार शब्द बोलला नाही. आणि मी आल्या आल्या तोंड सोडलं. मला लाज वाटली. अप्पांची इतकी आठवण आली की स्क्रूड्रायव्हर हातात तसाच राहिला.

मग सहा दसऱ्यांची फुलं ब्रशनं काढली, ब्लोअर मारला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. लाईट गेली तर म्हणून यूपीएस जोडला. झाकण उघडंच ठेवून टेबलफॅन समोर लावला. वीस मिनिटं नुसता चालवून बघितला. टिकला. तेव्हा कुठं अपडेट सुरू केलं.

पडद्यावर पट्टी सरकायला लागली. अप्पा अशा वेळी पोराचा ताप बघावा तसा कॅबिनेटवर तळहात ठेवायचे. मीही ठेवला. साठ टक्के. सत्तर. काका डोळे मिटून उभे होते. नव्वद. हाताला नुसतं कोमट लागत होतं.

पडदा काळा झाला. मग कॉम्प्युटर आपणहून पुन्हा चालू झाला आणि यादीत नवी डिस्क दिसली.

"जमलं की गं पोरी!" काका केवढ्यानं ओरडले! डोळे पुसायला त्यांनी तोंड फिरवलं.

मी काकांकडून मार्कर घेतला आणि अप्पांच्या ओळीखाली लिहिलं, '२०२५, साफ.' झाकण लावलं.

काकू अजून दारातच होत्या. "आता न्हाई घालत बाई फुलं. चुकलंच माझं."

"घाला की हार, काकू," मी म्हणाले. "फक्त दसऱ्यानंतरच्या रविवारी पोळ्या करा. मी येते जेवायला."