भैयालाल मिस्त्रींचा टोपा

कमलेशला त्या दिवशी काय मिळायचं होतं, ते आधी पाहू. टीव्हीवरच्या हास्यस्पर्धेत पुढच्या फेरीची जागा, परीक्षकांची शाबासकी, आणि जमलंच तर एखाद्या मालिकेत काम. या सगळ्यासाठी त्याच्या पदरचं काय जाणार होतं? काही नाही. एकाला सगळं मिळतं आणि त्याचं काहीच जात नाही, असं दिसलं की मला लगेच शंका येते. मग जातंय कुणाचं?

मित्रांनो, मी एक जुना पिवळा टोपा आहे. साहेब लोक मला हेल्मेट म्हणतात. साच्यातून निघालो आणि पोत्यात बसून भावंडांबरोबर रायपूरजवळच्या कुम्हारीच्या एका लहानशा रोलिंग मिलमध्ये आलो. तिथे लोखंडाच्या तापलेल्या लाल कांबी सळसळत धावतात आणि माणसं लांब चिमट्यांनी त्यांना वळवतात. माझ्या वाट्याला भैयालाल मिस्त्रींचं डोकं आलं. गोंदियाकडचा शेतकऱ्याचा मुलगा, राहायला तिथल्याच जवळच्या मरोद्याला. त्यांच्या घामाने माझा आतला पट्टा काळा झाला. तो वास मला कधी घाण वाटला नाही. घाण वास कशाला म्हणतात, ते मला पुढे कळलं.

त्या मिलमध्ये एक रीत होती. मिस्त्रीने शेवटच्या दिवशी स्वतःचा टोपा काढून पुढच्या मिस्त्रीच्या डोक्यावर ठेवायचा. भैयालालांचा शेवटचा दिवस चौदा महिन्यांवर आला होता आणि पुढचे मिस्त्री श्यामराव, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवसाची भैयालाल वाट पाहत होते. मीही.

अडचण एकच होती. मिलच्या गडगडाटात भैयालालांचे कान गेले होते. श्यामराव दिवसभर त्यांच्या शेजारी असत आणि बोटाच्या पेराने मला ठोकत. एक ठोका, म्हणजे बाजूला सरा. दोन, म्हणजे चहा आला. तीन, म्हणजे मॅनेजर आला. वर्षातून एकदा कान तपासायला डॉक्टर येई. त्याने बटण दाबलं की कानाला लावलेल्या यंत्रात शिटी वाजे आणि ती ऐकू आली की हात वर करायचा. श्यामराव खिडकीबाहेर उभे राहत. डॉक्टरचं बोट खाली गेलं की ते मिशी पुसत. मिशी पुसलेली दिसली की भैयालाल हात वर करत. दरसाल पास.

खरं सांगतो, हे चुकीचंच होतं. लाल कांबीजवळ बहिरा माणूस उभा करणं मला पटत नव्हतं. पण त्या चुकीत दोन माणसं एकमेकांना सांभाळत होती, एवढं मी पाहिलं आहे.

आता कमलेश. भैयालालांचा एकुलता एक मुलगा. मरोद्याच्या गणपतीत शेजाऱ्यांच्या नकला करता करता तो रायपूरच्या रंगमंचावर गेला आणि तिथून मुंबईच्या स्पर्धेत निवडला गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला मागितलं.

"बाबा, टोपा द्या ना. एक आयटम है, उसमें लगेगा."

भैयालालांनी त्याचे ओठ नीट पाहिले. "ने. पण वापस आणजो. तो श्यामरावले द्यायचा हाय."

"लाऊँगा ना बाबा, पक्का!"

मला घालून तो आरशासमोर सराव करू लागला, तेव्हा त्याची आई, सिंधुताई, पोळ्या टाकून बाहेर आली.

"बापाची नक्कल करून राहिला का रे?"

"आई, नक्कल नाही. इसको ट्रिब्यूट बोलते हैं."

"जे बोलत असतीन ते बोलू दे. पण डॉक्टरची गोष्ट तेवढी काढू नको. त्याईचं काम जाईन, आन् श्यामरावभाऊचंही."

"मी काय पागल आहे का?" माझ्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली. मला साक्षीदार केलं, मित्रांनो.

मुंबईत एकाने माझ्यावर काजळ फासलं. काजळी टोप्याच्या कडेला बसते, डोक्यावर नाही, एवढंही त्याला माहीत नव्हतं. मग अत्तराचा फवारा मारला. त्या वासाची मला आजही ओकारी येते.

कमलेश रंगमंचावर गेला. बापाचं मोठ्याने बोलणं झालं, वाकून चालणं झालं. लोक जेमतेम हसले. एका परीक्षकाने जांभई दिली. मी डोक्यावर होतो, म्हणून मला कळलं: त्याच्या टाळूला दरदरून घाम फुटला होता. मग तो घाम एकदम थांबला. माणूस मनात ठरवून टाकतो तेव्हा असं होतं.

"अब सुनिए, बाबा के कान चेक होते हैं! डॉक्टर बटन दबाए, बाहर श्यामराव काका मूँछ पोंछें, बाबा हाथ उठाएँ! अब बताओ, कान किसके चेक हुए?"

सभागृह हशाने दणाणलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. परीक्षक उठून मिशी पुसू लागले. कमलेशने नाव तेवढं बदललं असतं तरी चाललं असतं. पण 'श्यामराव' म्हटलं की लोक जास्त हसत होते.

मरोद्याला तो कार्यक्रम पाहायला भैयालालांच्या घरी शेजारीपाजारी जमले होते. हे आणि यापुढचं मला नंतर सिंधुताईच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरची गोष्ट निघाली आणि खोलीतलं हसणं थांबलं. श्यामराव उठून बाहेर गेले. भैयालालांना काही ऐकू आलं नव्हतं. मुलगा टीव्हीवर दिसतोय, या आनंदात ते एकटेच हसत राहिले.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजरने पुन्हा तपासणी करवली, या वेळी खिडकीला पडदा लावून. शिट्या वाजल्या. हात वर गेला नाही. भैयालालांना फाटकावर बसवलं आणि श्यामरावांना भंगार निवडायला पाठवलं. मिस्त्रीची जागा तिसऱ्यालाच गेली. ट्रकवाले हॉर्न वाजवत आणि भैयालालांनी वळून पाहिलं की मिशी पुसत. तीन आठवड्यांनी भैयालाल घरीच बसले. श्यामरावांनी मिशी काढून टाकली.

तिकडे कमलेशला मालिका मिळाली. काम कोणतं? बहिऱ्या चौकीदाराचं. मग दोन सिनेमे झाले. मुलाखतीत तो मला मांडीवर घेई आणि डोळे ओले करून म्हणे, "पिताजी ही मेरी प्रेरणा हैं." माझी शिसारी कुणाला दिसणार? मी तर चकचकीत पुसलेला होतो.

दुसरा सिनेमा चालल्यावर तो कॅमेरेवाल्यांना घेऊन मरोद्याला आला. अंगणात गर्दी झाली. त्याने मला भैयालालांच्या डोक्यावर ठेवलं.

"बाबा, दोनच मिनिटं. काका बाहेरून मिशी पुसतील, तुम्ही हात वर करा."

श्यामरावांना कुणीतरी आणून उभं केलं होतं. कॅमेरावाला म्हणाला, "अरे, मूँछ कहाँ गई?"

"चिपका देते हैं," मेकअपवाला म्हणाला आणि त्याने डबीतून खोटी मिशी काढली. तो ती श्यामरावांच्या ओठावर लावू लागला. सत्तावीस वर्षं लाल लोखंड वळवलेला माणूस भिंतीकडे पाहत राहिला.

सिंधुताईने मेकअपवाल्याचा हात धरला. "मुडद्या, दूर हो!"

मग भैयालालांनी मला डोक्यावरून काढलं आणि श्यामरावांपुढे धरलं. "भाऊ, हा तुमचा होता."

श्यामरावांनी मला हातही लावला नाही. "नको भाऊ. याले लोकाइचं हसू लागलं हाय."

मला वाटलं, आता तरी कमलेश खाली पाहील. त्याने घड्याळ पाहिलं. "ठीक है, दोनों मैं ही कर लेता हूँ." आणि ती खोटी मिशी स्वतःला लावून त्याने अंगणात दोघांची नक्कल करून दाखवली. कॅमेरेवाले हसले. कुंपणावरून पाहणारे शेजारीही हसले. गाडी गेली. मला नेलं नाही, कारण पुढच्या सिनेमात त्याला इन्स्पेक्टरची टोपी मिळाली आहे.

आता मी खुंटीवर असतो. मित्रांनो, तुमच्यातही कुणी छान नकला करत असेल. जरूर करा. पण ज्याची नक्कल करता, त्याला समोर बसवून करा आणि आधी त्याला हसू येतं का ते पाहा. घराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांभाळायची असते. ती हशासाठी विकायची नसते.

हिशेब सांगतो. कमलेशने काही भरलं नाही. परीक्षकांनी नाही, कुंपणावरच्यांनीही नाही. भैयालालांच्या खात्यातून मिलमधला त्यांचा शेवटचा दिवस गेला. सिंधुताई आता मुलाचं नाव निघालं की भांडी घासायला उठते. मुलाबद्दल चारचौघांत बोलायचं सुख तिने भरलं. श्यामरावांचा तर त्या घराशी नात्याचाही संबंध नव्हता. ते फक्त मिलमध्ये भैयालालांच्या शेजारी उभे राहायचे. सगळ्यात जास्त त्यांनी भरलं.